कुणाच्याच हातचं नसलेलं जेवण

रविवारी सकाळी मी कपाटातली हिरवी साडी काढली, नेसले, आरशात पाहिलं आणि सोडली. निळी नेसले. तीही सोडली. शेवटी पुन्हा हिरवीच नेसले. नवरा ओटीवर चहा पीत बसला होता. आत डोकावून म्हणाला, "चौक गावाला मैत्रिणीकडं जायला एवढं?"

"तिच्या सुनेचं डोहाळजेवण हाय," मी म्हटलं.

मैत्रीण खरी होती, तिला सूनही होती, डोहाळे मात्र माझे. खोटं बोलायची मला सवय नाही. मला गप्प बसायची सवय आहे. मनातलं मनातच बोलते, मग त्याचा त्रास मलाच होतो. पण आता लिहायलाच बसले आहे तर सरळ सांगते. त्या दिवशी मी थोरल्या जावेला घेऊन, नदीकाठी नव्यानं झालेल्या एका मोठ्या हॉटेलात ब्रंचला निघाले होते. छाती इतकी धडधडत होती की निऱ्या तीनदा सुटल्या. पन्नाशीला आलेली बाई मी, आणि पहिल्यांदा जत्रेला निघालेल्या पोरीसारखी अवस्था.

दोन जावा एकत्र जेवायला जातात ह्यात लपवण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. तर तेही सांगते.

आमचं घर एकच, दारं दोन. वाटण्या झाल्या तेव्हा मधे भिंत आली, पण आम्हा दोघींचं जेवण भिंतीच्या आधीपासून एकत्र होतं आणि नंतरही एकत्रच राहिलं. पुरुष जेवून उठले, पोरं उठली, की वैनी (मी त्यांना वैनीच म्हणते) त्यांचं उरलेलं कालवण घेऊन मागच्या दारानं यायच्या. एकाच ताटात आम्ही दोघी. टोपाच्या तळाला लागलेला खरपूस भात उलथन्यानं खरवडून काढायचा आणि त्यावरून भांडायचं. दिवसभरात कुणी आमच्याकडं काही मागत नाही अशी तेवढीच वेळ असायची.

मग माझ्या मुलाला कावीळ झाली. चौदा वर्षांचा होता. मिठाशिवायचं, तेलाशिवायचं खाऊन कंटाळला, भिंतीपलीकडे गेला आणि काकूकडे रडला. वैनींनी त्याला चमचाभर करवंदाचं लोणचं दिलं. दुसऱ्या दिवशी त्याला उलट्या सुरू झाल्या, कर्जतला दवाखान्यात ठेवावं लागलं. मी तिथून आले ती तडक देवीच्या देवळात. मंगळवार होता, गावातल्या बाया ओट्या घेऊन जमल्या होत्या. वैनीही होत्या. देवीच्या पायरीवर हात ठेवून मी सगळ्यांदेखत म्हटलं, "आजपासून ह्या बाईच्या हातचा घास माझ्या तोंडात गेला, तर माझ्या पोराचं..."

पुढचं वाक्य मी पुरं केलं नाही. करायची गरजही नव्हती. वैनी हातातली ओटी तशीच धरून उभ्या होत्या. 

डॉक्टरनं नंतर सांगितलं, लोणच्याचा काही संबंध नाही, दुखणं आपल्या वाटेनं चाललंय. महिन्याभरात पोरगा उठून खेळायलाही लागला. शपथ मात्र तिथंच राहिली. आता ह्याला सात वर्षं झाली. आमच्याकडे असली शपथ सोडवायची एकच रीत आहे. घेतली त्याच जागी, त्याच बायांसमोर उभं राहायचं, "माझं चुकलं" असं म्हणायचं, मग गुरव देवीला गाऱ्हाणं घालतो आणि शपथ सुटते. दहा पावलांवर देऊळ आहे. मी देवीला घाबरते असं स्वतःला सांगत आले. खरं तर मी त्या बायांना घाबरत होते.

आमचं बोलणं कधी थांबलं नाही, हीच तर गंमत. मिरच्या वाळवताना बोलायचो, मोरीवर बोलायचो, लाइट गेली की भिंतीवरून विचारायचो, "तुमच्याकडं हाय का गं?" फक्त जेवण बंद. संक्रांतीला त्या तिळगूळ द्यायच्या, मी दोन्ही हातांनी घ्यायची, पाया पडायची आणि घरी येऊन शेजारच्या पोरांना वाटून टाकायची. त्यांना ते ठाऊक होतं. तरी दर वर्षी त्या माझ्यासाठी एक लाडू मोठा वळायच्या.

ह्या पौषात कळलं की वैनी चालल्या. मुलाला नाशिकला नोकरी लागली, तो आईबापाला घेऊन जाणार. संक्रांत झाली की सामानाचा टेंपो येणार. मागच्या अंगणात खोके दिसायला लागले आणि मला जेवण गोड लागेना.

नेमकं त्याच आठवड्यात मुंबईच्या लेकीनं आमच्या लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून फोनवर काहीतरी पाठवलं. रविवारी सकाळी अकरा ते तीन, दोन माणसं, ब्रंच, हवं तेवढं खायचं. नवऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला, "रविवारी घरचं कोंबडं सोडून मी तिकडं पाव चावायला जाऊ? तू जा कुणाला तरी घेऊन."

कुणाला तरी. तो शब्द माझ्या डोक्यात दिवसभर फिरत राहिला. संध्याकाळी भांडी घासता घासता एकदम उजेड पडला आणि हातातली कढई तशीच टाकून मी मागच्या अंगणात गेले. वैनी डब्यांना दोरी बांधत होत्या.

"वैनी, रविवारी माझ्याबरोबर जेवायला चला."

त्यांनी वर पाहिलं. "कुठं?"

"हॉटेलात. तिथं ना तुमच्या हातचं, ना माझ्या हातचं. कुणाच्याच हातचं नाय. शपथ तिथं लागत नाय."

"कुणाच्या तरी हातचं असेलच की गं. आपोआप थोडंच शिजतं?"

"तुमच्या हातचं नाय ना? मग झालं."

त्या हसल्या. हसताना त्यांचे खांदे हलतात, आवाज येत नाही. मग विचारलं, "कुठलं हॉटेल?" मी सांगितलं. त्यांचं हसणं थांबलं. "ते नदीकाठचं? तिथं नको."

"का?"

"मोठ्या लोकांचं हाय ते."

"लेकीनं आधीच ठरवून ठेवलंय. दुसरीकडं चालत नाय."

त्यांनी दोरीची गाठ दोनदा सोडली, दोनदा बांधली. "बरं, येते," म्हणाल्या. "पण मी सांगेन तेच खायचंस."

मला वाटलं, थोरलेपणा. जातानाही सोडत नाहीत.

गावातून एकत्र निघायची सोय नव्हती. नवऱ्यापुढं मी हॉटेलचं पुन्हा नावही काढलं नव्हतं, नाहीतर 'कुणाला नेतेस' असं त्यानं विचारलं असतं. वैनी पुढं गेल्या, मी मागून. फाट्यावर मिनीडोर रिक्षा उभी होती, वैनी आत कोपऱ्यात पदर कपाळापर्यंत ओढून बसलेल्या. मी शेजारी बसले. गाडी सुटेपर्यंत दोघीही समोर बघत होतो, जशी काही ओळखच नाही. गाव मागे पडल्यावर मी हळूच विचारलं, "घरी काय सांगितलंत?"

"खालापूरला कचेरीत जाते म्हटलं. दाखल्याचं काम हाय."

"वैनी, आज रविवार."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "अगं बाई," म्हणाल्या. "म्हणून सून म्हणाली होय, सावकाश या, तिथं गर्दी नसंल."

मग जे हसू फुटलं ते आवरेना. मिनीडोरवाला आरशातून बघायला लागला. वैनींनी पदर तोंडात कोंबला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. वर हे कळलं की मी आदल्या संध्याकाळपासून पोटात काही घातलं नव्हतं, भूक ठेवायची म्हणून; आणि वैनी दोन भाकऱ्या खाऊन आल्या होत्या.

"हवं तेवढं खायचंय म्हणून सांगितलं होतं ना मी?"

"मोठ्या हॉटेलात थोडंच वाढतात, असं ऐकलं होतं मी."

गेटवर पहारेकरी होता. त्यानं वही पुढं केली, "मॅडम, गाडी नंबर?" आमच्या मागं नुसता रस्ता होता. वैनी गंभीरपणे म्हणाल्या, "अकरा," आणि स्वतःच्या दोन पायांकडं बोट दाखवलं. त्या बिचाऱ्यानं आधी अकरा लिहिलं, मग खोडलं, मग हसला. तो फोनवरची लेकीची पावती बघत होता तेव्हा मी गेटचा गज धरून उभी होते. त्यानं "या" म्हटलं आणि मला वाटलं, सुटलो. आता कुणी परत पाठवत नाही.

आत गेलो आणि दोघीही थांबलो. नदी तीच होती. आमच्या गावाखालून जाते तीच, ज्या पाण्यात आम्ही गोधड्या धुतल्या. पण इथं तिच्या काठाला कापून सारखं केलेलं गवत, त्यावर पांढऱ्या छत्र्या, छत्र्यांखाली टेबलं, आणि पलीकडे डोंगर असा दिसत होता जसा काही हॉटेलवाल्यांनीच आणून ठेवला असावा. मुंबईची माणसं काळे चष्मे लावून बसली होती. एक बाई चपला काढून गवतावर पाय पसरून बसली होती. ते बघून वैनींनीही चपला काढल्या.

खुर्च्या इतक्या खोल की बसलं की आपण आतच जातो. मी बसले ती रुतलेच. वैनी म्हणाल्या, "उठायचं कसं ह्यातून? कुणाला तरी हाक मारावी लागंल." मांडीवर टाकायला दिलेलं पांढरं फडकं त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. म्हणाल्या, "एवढं चांगलं कापड तोंड पुसायला?"

मग आम्ही वाढून घ्यायला गेलो, आणि खरं सांगते, लग्नाच्या पंक्तीतही मला कधी असं झालं नव्हतं. एका बाजूला नुसती फळं, कापून, रंगांप्रमाणे लावलेली. एका बाजूला पाव: लांब, गोल, काळा, बिया लावलेला, पदर सुटलेला. एका जाळीवर चौकटी चौकटीचे गरम घावन निघत होते आणि त्यावर मध ओतत होते. एक माणूस उंच पांढरी टोपी घालून डोळ्यांसमोर अंडी करून देत होता. "मॅडम, कसं करू?" त्यानं मला विचारलं. आयुष्यात मला कुणी विचारलं नव्हतं की तुला अंडं कसं हवं. मी इतकी गोंधळले की "तुम्हाला जसं जमेल तसं" म्हणाले. वैनींनी सावरलं. "कांदा, मिरची, कोथिंबीर घाला, आणि करपवू नका."

मी ताट भरत चालले होते आणि वैनी माझ्यापुढं एक पाऊल. प्रत्येक भांड्याचं झाकण उघडायचं, वाकायचं, वास घ्यायचा, मग मला मान हलवून परवानगी द्यायची. पराठ्यांच्या टेबलावर लोणच्याची वाटी होती. ती त्यांनी उचलून नाकाजवळ नेली. "कैरीचं हाय," म्हणाल्या आणि ओझं उतरल्यासारखा श्वास सोडला. तरी वर म्हणाल्याच, "लोणचं घेऊ नको. बाहेरचं लोणचं बाधतं."

"अहो, मी काय ल्हान हाय?"

"मी सांगेन तेच खायचं ठरलंय ना?"

मी चिडले थोडी. पण चिडायलाही मजा येत होती. सात वर्षांत त्यांनी मला कशावरून दटावलं नव्हतं.

टेबलावर येऊन बसलो. समोरासमोर. मधे दोन ताटं, वेगवेगळी, पण एकाच टेबलावर. पहिला घास मी तोंडात घातला आणि वैनींनीही घातला, आणि आम्ही एकमेकींकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर रडलो असतो दोघी. मी नदीकडं बघत चावत राहिले.

"ते हिरवं काय हाय गं पावावर?" वैनींनी विचारलं.

"अव्होकाडो. लेक खाते. लई महाग असतं."

त्यांनी खाल्लं. खूप वेळ चावलं. "अंगाला लावायचं असंल," म्हणाल्या.

त्यानंतर आम्हाला धरबंध राहिला नाही. बिटाचा लाल रस प्यालो. मधाचे घावन खाल्ले, पुन्हा जाऊन आणले. दोन भाकऱ्या खाऊन आलेली बाई माझ्यापेक्षा जास्त खात होती. नाशिकचं घर चौथ्या मजल्यावर आहे, मोरी आतच आहे, मिरच्या वाळवायला जागा नाही, हे सगळं त्यांनी खाता खाता सांगितलं. मी माझ्या गुडघ्यांचं सांगितलं. भिंतीवरून हेच बोललो असतो, पण तोंडात घास असताना बोललेलं वेगळं असतं. ते पोटात जातं.

वैनी पुन्हा रस आणायला गेल्या तेव्हा मी एकटीच उठले आणि चीजच्या टेबलाकडं गेले. पांढरे, पिवळे तुकडे, आणि मधे एक काचेची एवढीशी बरणी. त्यात काळसर जांभळं काहीतरी ठेचलेलं, वर पुदिन्याचं पान. पाटीवर 'वाइल्ड बेरी' असं लिहिलेलं. फळाचा जॅम असावा. मी चीजबरोबर दोन चमचे घेतला, टेबलावर येऊन पावाला लावला, आणि तोंडात घातल्यावर डोळेच मिटले. आंबट, गोड, मागून तिखट. मी सगळं संपवलं आणि जाऊन बरणीच उचलून आणली.

वैनी आल्या. मला त्यांना चिडवायची लहर आली. एवढ्या वर्षांची साठलेली लहर.

"वैनी, हे खाऊन बघा. तुमच्या करवंदाच्या लोणच्याची आठवण येते, पण हे त्याहून सरस हाय. तुमच्यात गूळ जास्त पडायचा. ह्याला बघा कसं नेमकं जमलंय."

"माझ्यात गूळ जास्त?"

"जास्तच. तेव्हा सांगायची हिंमत नाय झाली."

"आज झाली वाटतं." त्या खरंच दुखावल्या होत्या. त्यांनी चमच्याच्या टोकावर थोडंसं घेतलं आणि जिभेवर ठेवलं.

मग त्यांनी चमचा खाली ठेवला. अगदी हळू. बरणी उचलली आणि स्वतःच्या बाजूला, ताटामागं ठेवली.

"पुरे झालं हे. किती खाल्लंस तू?"

"संपवलं मगाचं. का? जळलात ना?"

"किती खाल्लंस, विचारते मी."

त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला अजून काही कळेना. आणि तेवढ्यात आतून पांढऱ्या शर्टातला एक माणूस टेबलं बघत बघत आमच्यापर्यंत आला आणि थांबला. नेरळचा होता, बोलण्यावरून कळलं. "अरे, काकू, तुम्ही? आज पुढच्या दारानं? बरण्या आणल्या की काय, रविवारी?" मग टेबलाकडं बघून खुश झाला. "आवडलं ना आम्ही केलंय ते? तुमचंच लोणचं, फक्त बिया काढून ठेचतो आणि थोडा लिंबाचा रस. पाहुणे वेडे होतात ह्याच्यासाठी."

तो गेला. वैनी बरण्या भरून देतात हे मला माहीत होतं. एक टेंपो येऊन त्या घेऊन जायचा, कधीकधी वैनीही त्यात बसून जायच्या. मला वाटायचं, बरण्या चौकच्या दुकानात जातात.

"म्हणून तुमी तिथं नको म्हणत होता," मी म्हटलं.

"सगळ्या भांड्यांत बघितलं मी. लोणच्यात बघितलं. हे असलं काहीतरी करून ठेवलं असंल असं कसं वाटावं?"

मी हात धुवायलाही उठले नाही. त्याच चिकट बोटांनी पिशवीतून फोन काढला आणि मुलाला लावला. तो पनवेलला असतो, कंपनीत. घंटा वाजत राहिली. वाजत राहिली आणि बंद झाली. पुन्हा लावला. शेजारच्या टेबलावर कुणीतरी हसत होतं, अंडीवाला कुणाला तरी विचारत होता, कसं करू. घंटा वाजतच होती. वैनींनी टेबलावरून माझं मनगट धरलं होतं. त्यांची नखं मला रुतत होती.

"हॅलो," पलीकडून झोपेतला आवाज. "आई, रविवार आहे ना. झोपू दे की."

"बरा हायस ना रे?"

"झोपलोय."

"उठून बस. बोल दोन शब्द."

"काय झालं? कुठं आहेस तू? कसला आवाज येतोय?"

वैनींनी माझ्या हातातून फोन घेतला. "काय रं, नाष्टा केलास का?"

तिकडं पलंग करकरला. मग, "काकू? तुमी दोघी एकत्र कुठं गेलात?"

"कचेरीत," वैनी म्हणाल्या आणि फोन बंद केला.

आम्ही दोघी त्या खोल खुर्च्यांत मागं टेकलो. धावत आल्यासारखा श्वास चालला होता. मग मला हसू यायला लागलं आणि त्याच्याबरोबरच दुसरंही काहीतरी. लोणचं त्यांचं होतं ह्याची भीती आता मागं पडली होती. मी ओळखलं नाही ह्याची लाज पुढं आली होती. ज्या हाताच्या चवीसाठी मी टोपाच्या तळावरून भांडले, ती माझ्या जिभेवर आली, आणि मी ती परक्याची समजून त्यांना हिणवलं. पुदिन्याचं एक पान आड आलं तेवढ्यावर. सात वर्षं मी शपथ पाळते आहे असं समजत होते. चव केव्हाच विसरून बसले होते.

"वैनी," मी म्हटलं, "माझं चुकलं. तुमचा काय दोष नव्हता. डॉक्टरनं मला त्याच आठवड्यात सांगितलं होतं. मला तेव्हाच..."

"थांब." त्यांनी हात वर केला. "हे इथं नको सांगू."

"का?"

"इथं कोण ऐकतंय? ही सगळी मुंबईची माणसं. मला तिथं सगळ्यांसमोर उभं केलंस ना? मग तिथं सांग. मंगळवारी."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही मागितलं नव्हतं. त्यांचे डोळे माझ्यावरून हलले नाहीत. मला खाली बघावं लागलं.

"सांगेन," मी म्हटलं.

"आणि तोवर हे नाय." त्यांनी बरणी आणखी लांब सरकवली. "न कळता खाल्लंस ते देवी पदरात घेईल. आता कळून एक बोटही नाय लावायचं. पोरगा एकटा तुझाच नाय. त्याच्यावर काय आलेलं मला चालायचं नाय."

म्हणजे ह्या सात वर्षांत, दर संक्रांतीला, तो मोठा लाडू हातावर ठेवताना त्या बघत असायच्या. मी तो खात नाही ना, ह्यावर त्यांचंच लक्ष होतं. हे मला त्या टेबलावर कळलं.

बरणी बाजूला ठेवून आम्ही पुन्हा उठलो आणि चॉकलेटचा केक आणला. कारण साडेबाराच वाजले होते आणि तीनपर्यंत हवं तेवढं होतं. वैनी म्हणाल्या, "सोडायचं कशाला?"

मंगळवारी मी नारळ घेऊन देवळात गेले. नवऱ्याला आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं, डोहाळजेवणासकट. सगळं ऐकून तो म्हणाला, "केक कसा होता?" देवळात बाया होत्या, नेहमीच्या. वैनी खांबाशी उभ्या होत्या, हातात ओटी. मी पायरीवर हात ठेवला. आवाज निघेल की नाही ह्याची धास्ती होती, पण निघाला तो एवढा मोठा की गुरवानं दचकून पाहिलं. मी म्हटलं, मी पोराच्या भीतीनं बोलले, खोटा आळ घेतला, खरं कळल्यावरही गप्प बसले, माझं चुकलं. हॉटेलातलं लोणचंही सांगितलं. मागून कुणीतरी खुसखुसलं. कुणीतरी म्हणालं, "अगं, मग कसलं होतं ते हॉटेल?" आणि गुरवाला दोनदा सगळ्यांना गप्प करावं लागलं, तेव्हा कुठं त्याचं गाऱ्हाणं झालं. नारळ फुटला. मला इतकं हलकं वाटलं की पायऱ्या उतरताना मी पळतच होते.

वैनींच्या घरात सगळं खोक्यांत गेलं होतं. टोप बांधलेला, उलथनं बांधलेलं. बाहेर राहिला होता एक कुकर, एक ताट आणि लोणच्याची एक बरणी, अख्ख्या करवंदांची. पुरुष जेवून उठले होते. आम्ही दोघी फरशीवर बसलो, ताट मधे. कुकरच्या भाताला खरपूस तळ नसतो, त्यामुळं भांडायला काही नव्हतं. वैनींनी आमटी ओतली, लोणचं वाढलं आणि हात आवरून माझ्या तोंडाकडं बघत बसल्या.

मी पहिला घास घेतला.

"कसं झालंय?" त्यांनी विचारलं.

"लोणच्यात गूळ जास्तच हाय," मी म्हटलं. "आणि आमटीत मीठ कमी."

त्या उठल्या, बांधलेला खोका सोडला आणि त्यात मिठाचा डबा शोधायला लागल्या.